शेजारच्या शिवारातून येणारे तणनाशक

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : तणनाशकाच्या उडत्या फवाऱ्याने परसबागांचे होणारे नुकसान आणि त्याची नोंद

तणनाशक शेतात फवारले की त्याचा काही अंश शेताबाहेर जातो. वाऱ्यावर गेलेले बारीक थेंब किंवा मागाहून निघालेली वाफ शेजारच्या पिकावर, बांधावरच्या झाडांवर आणि घरामागच्या परसबागेत उतरते. कीटकनाशक आणि बुरशीनाशकही असेच उडते, पण त्याने शेजारचे रोप सहसा मरत नाही. तणनाशक वनस्पती मारण्यासाठीच बनवलेले असते, त्यामुळे त्याचा वाट चुकलेला थेंबही आपले काम करतोच. द्राक्ष किंवा कापूस यांसारख्या नगदी पिकावर असा फवारा गेला तर भांडण होते, कृषी अधिकारी येतात, वर्तमानपत्रात बातमी छापून येते. परसातली चार वांगी, दोन पपया आणि मांडवावरचा दोडका गेला तर त्याची दखल घेणारे कोणी नसते. हे नुकसान नोंदवण्याची सोयच राज्यात नाही, आणि या पत्राचा मुख्य मुद्दा तोच आहे.

महाराष्ट्रात या त्रासाचे सर्वांत ठळक कारण म्हणजे २,४-डी हे तणनाशक. शेतकरी त्याला ‘टू फोर डी’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत झालेल्या संशोधनातून ते निघाले आणि १९४०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आले. वनस्पतीची वाढ ज्या संप्रेरकांच्या ताब्यात असते त्यांपैकी ऑक्सिन हे एक. २,४-डी या ऑक्सिनसारखेच वागते. फरक इतकाच की रोपाला ते चटकन मोडून टाकता येत नाही. पेशींची वाढ बेताल होते, खोड पिळते, अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिका चेंगरतात आणि रोप मरते. गवतवर्गातली पिके मात्र त्याला निकामी करू शकतात. म्हणूनच ऊस, गहू, ज्वारी, मका या पिकांत गाजर गवत, हरणखुरी यांसारखी रुंद पानांची तणे मारायला ते सोयीचे पडते. शिवाय ते स्वस्त आहे आणि तालुक्याच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते.

परसबागेची अडचण इथेच सुरू होते. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, गवार, वाल, घेवडा, दुधी, दोडका, कारले, पालक, मेथी, पपई, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, तुळस, जास्वंद, गुलाब ही सगळी रुंद पानांचीच. अळू, केळी, कांदा, लसूण आणि गवती चहा एकदल वर्गातली असल्याने तुलनेने तग धरतात. टोमॅटो, मिरची, वेलभाज्या आणि पपई तर फारच हळव्या आहेत. द्राक्ष आणि कापूस यांना तणावर मारायच्या मात्रेच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी औषधही इजा करते. कोणी निष्काळजीपणे फवारले तरच शेजाऱ्याचे नुकसान होते ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. बऱ्यापैकी काळजी घेऊन फवारणाऱ्या माणसाकडूनही एवढा अंश बाहेर जाऊ शकतो.

थेंब किती लांब जाणार हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते. शांत हवेत ३ मीटर उंचीवरून ४०० मायक्रॉनचा थेंब जमिनीवर यायला साधारण २ सेकंद लागतात, १०० मायक्रॉनच्या थेंबाला १० सेकंदांहून थोडे अधिक, आणि २० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे ४ मिनिटे. ताशी ५ किलोमीटर वेगाची झुळूक असेल, जी अंगाला जेमतेम जाणवते, तर पहिला थेंब ३ मीटरच्या आत पडतो, दुसरा १५ मीटरपर्यंत जातो आणि तिसरा ३०० मीटर ओलांडतो. पाठीवरच्या पंपाने अर्ध्या मीटरवरून मारताना ही अंतरे कमी भरतात. पण उंच वाढलेल्या उसात गन वर उचलून मारली किंवा ड्रोनने दोन-तीन मीटरवरून फवारले तर ती तशीच्या तशी लागू पडतात.

थेंब बारीक होतो तो नोझल आणि दाब यांमुळे. कीटकनाशकासाठी वापरायचे हॉलो कोन नोझल पानांच्या खालच्या बाजूलाही औषध पोचावे म्हणून मुद्दाम धुक्यासारखा फवारा देते. बहुतेक घरी पंप एकच आणि नोझलही एकच, तेव्हा त्याच नोझलने तणनाशकही मारले जाते. बॅटरीवरच्या पंपाचा दाब पूर्ण ठेवला की धुके आणखी दाट होते. फवारा जितका बारीक तितकी फवारणी चांगली, हा समज गावोगाव पक्का आहे. किडीसाठी तो बऱ्याच अंशी खराही आहे, पण तणनाशकाच्या बाबतीत घातक आहे. त्यासाठी फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल हवे, दाब कमी हवा आणि नोझल तणाच्या वर अर्ध्या मीटरच्या आत हवे. असे नोझल स्वस्तात मिळते. एवढ्या स्वस्त सुट्या भागावाचून इतके नुकसान होत राहावे, ही खेदाची गोष्ट आहे.

वाफेचा प्रवास वेगळा. भारतात २,४-डी मुख्यतः तीन रूपांत विकले जाते : ८० टक्के सोडियम सॉल्टची भुकटी, ५८ टक्के अमाइन सॉल्टचे द्रावण आणि ३८ टक्के इथाइल इस्टर. पहिली दोन कमी उडतात. इस्टर मात्र पानांवर आणि मातीवर पडल्यानंतरही वाफ होऊन निघत राहते, आणि ऊन जितके कडक तितकी ती जास्त निघते. फवारणाऱ्याने वारा पाहिला, दिशा पाहिली, नोझल बदलले, तरी दुपारच्या उन्हात तासाभराने उठलेल्या वाफेवर त्याचा ताबा राहत नाही. अशा वेळी आपल्या हातून काहीच गेले नाही असे शेतकरी शपथेवर सांगतो आणि शेजारी आपल्या वाळलेल्या वेलाकडे बोट दाखवतो. दोघेही खरेच बोलत असतात.

तिसरा प्रकार हिवाळ्यातला आहे आणि तो सर्वांत फसवा. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. या स्थितीत हवा वर-खाली मिसळत नाही. गावावर चुलीचा धूर आडवा पसरून तरंगताना दिसतो तो याचमुळे. संध्याकाळी किंवा पहाटे वारा अगदी पडलेला पाहून फवारणीला ही वेळ उत्तम, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बारीक थेंब त्या थंड थरात लटकून राहतात आणि उताराच्या दिशेने हळूहळू सरकत वस्तीपर्यंत येतात. धूर आडवा पसरत असेल तेव्हा तणनाशक मारू नये, इतकी साधी खूण सांगितली तरी पुष्कळ नुकसान टळेल. गव्हात २,४-डी मारण्याची वेळ पेरणीनंतर महिनाभराची, म्हणजे बहुधा डिसेंबरातली. परसबागेत वाल, टोमॅटो, पालक ऐन भरात असतात तेही तेव्हाच.

उसामुळे हा काळ आणखी लांबतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबरच्या सुमारास आणि सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीला. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या पट्ट्यात वर्षाच्या बहुतेक महिन्यांत कुठे ना कुठे तणनाशकाची वेळ असतेच. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की कोवळी फूट येते, आणि ती शेजारच्या उसातल्या किंवा गव्हातल्या फवारणीपुढे सर्वाधिक उघडी पडते. बागायतदार निदान त्या काळात डोळ्यांत तेल घालून असतो. परसबागेत बारा महिने काही ना काही कोवळे असते. शिवाय गावठाण पसरले, शेतात बिगरशेती प्लॉट पडले, वस्त्या रस्त्याकडेने लांबल्या. शेत आणि घर यांच्यामध्ये पूर्वी खळे, गोठा, चिंचेची ओळ असायची. आता घराच्या तारेच्या कुंपणापलीकडे थेट उसाची सरी असते.

ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट ही तणनाशके बांध, पाणंद, पडीक जागा आणि फळबागांच्या ओळींत मारली जातात. ती रुंद पान-गवत असा भेद करत नाहीत. ग्लायफोसेट शेंड्याकडे आणि मुळांकडे जाते. नवी पालवी पिवळट-पांढरी, अरुंद आणि गुच्छासारखी येते, आणि गुलाबासारख्या झाडावर हा परिणाम पुढच्या बहरापर्यंत दिसू शकतो. पॅराक्वाट पडले तिथेच जाळते : पानावर करड्या रंगाचे ठिपके उमटतात, पुढे आलेली पाने स्वच्छ असतात. २,४-डीची खूण याहून निराळी आहे. एक-दोन दिवसांत शेंडे आणि देठ खाली वळतात, खोड पिळते; नंतर आलेली पाने अरुंद, शिरा जवळजवळ समांतर, कडा दातेरी किंवा वाटीसारख्या वळलेल्या. कापसाचे पान भेंडीच्या पानासारखे बोटाबोटांचे होते. द्राक्षाचे पान पंख्यासारखे होऊन शिरा फिक्या पडतात. टोमॅटोची पाने सुतळीसारखी वळतात आणि फळे वेडीवाकडी लागतात.

परसबागेत ही इजा बहुतेक वेळा ओळखलीच जात नाही. मिरचीची पाने आखडली की चुरडा-मुरडा म्हणतात, टोमॅटोची आखडली की व्हायरस म्हणतात, आणि पांढरी माशी मारायचे औषध आणून फवारतात. म्हणजे तणनाशकाने आजारी पडलेल्या रोपावर कीटकनाशकाचा भार, आणि घरच्या खाण्याच्या भाजीत आणखी एका विषाची भर. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळण्यासारखा असतो. विषाणूरोग एका पिकात, इथे एक झाड तिथे एक झाड असा विखरून येतो आणि वाढत जातो. तणनाशकाची इजा मिरची, वाल, पपई आणि तुळस अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या झाडांवर एकाच वेळी उमटते. शेताकडच्या बाजूला ती तीव्र असते, घराच्या आडोशाला कमी. केळी आणि अळू धडधाकट राहतात. दोन-तीन आठवड्यांनी, रोप जगले तर, नवी पाने पुन्हा नीट येऊ लागतात. विषाणूरोगात तसे होत नाही. एक शक्यता मात्र आधी तपासून पाहायला हवी. घरच्याच पंपात आधी तणनाशक मारले होते का? पंप नीट न धुता त्यातून भाजीवर कीटकनाशक मारले, तर इजा शेजाऱ्याच्या फवाऱ्यासारखीच दिसते, फक्त ती शेताकडून घराकडे कमी होत जात नाही. तणनाशकाला वेगळा पंप ठेवावा आणि तो जमत नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तीन वेळा धुवावा, ही शिफारस जुनी आहे. ती अमलात मात्र फारशी येत नाही.

इजा झालेली भाजी खावी की नाही, या प्रश्नावर गावात कोणीच जबाबदारीने उत्तर देत नाही. पिकासाठी नोंदणी झालेल्या औषधाला फवारणी आणि काढणी यांमधला थांबण्याचा काळ ठरलेला असतो. उडून आलेल्या तणनाशकाला मेथीवर किंवा दोडक्यावर असा काळ असू शकत नाही, कारण ते त्या भाजीवर मारायचे औषधच नव्हे. ज्या पिकासाठी एखाद्या औषधाची अवशेष-मर्यादा ठरलेली नाही, तिथे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरण सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लावते, म्हणजे जवळजवळ शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ आणि २,४-डीला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले. ही वर्गवारी धोक्याच्या शक्यतेची आहे, एका जुडीतून किती अपाय होईल याची नव्हे. तरीही लहान मुले असलेल्या घराने फवारा आलेली पालेभाजी टाकून द्यावी, हाच सुरक्षित सल्ला ठरतो. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण इथे मदत करत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम माणसाच्या आणि जनावराच्या पोटात गेलेल्या विषाचा आहे; शेजारच्या वेलाला औषध किती घातक आहे, याबद्दल तो त्रिकोण काहीच सांगत नाही.

हे नुकसान कोणाचे होते, याकडे शासनाने विशेष लक्ष द्यायला हवे, कारण ही परसबाग शासनानेच लावायला सांगितली आहे. ‘उमेद’ अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली, बचतगटांच्या स्त्रियांनी गोल वाफे आखले, सांडपाण्यावर भाज्या वाढवल्या. पोषण आहाराच्या जोडीला शाळाशाळांत परसबागा झाल्या. भूमिहीन कुटुंबाला ताजी भाजी मिळण्याचा हाच एक मार्ग असतो. त्या वाफ्यातले उत्पन्न बाजारात जात नाही, सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते, आणि म्हणून ते बुडाले तरी कोणत्याही अहवालात तूट दिसत नाही. एक विभाग बी वाटतो आणि दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीतले औषध ते मारते, ही विसंगती शासनाच्याच घरातली आहे.

कायदा इथे फार तोकडा पडतो. कीटकनाशक अधिनियम, १९६८ मध्ये तणनाशकेही येतात. मात्र त्याचे कलम ३८ असे सांगते की एखाद्या व्यक्तीने घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत केलेल्या वापराला हा अधिनियम लागू नाही. उत्पादन, विक्री, साठवण, भेसळ यांवर निरीक्षकांचे अधिकार आहेत. शेतकऱ्याने आपल्या शेतात औषध कसे मारले यावर ते जवळजवळ संपतात. कलम २७ प्रमाणे राज्य शासन एखाद्या औषधाची विक्री किंवा वापर ठरावीक भागात पहिल्यांदा जास्तीत जास्त ६० दिवसांसाठी थांबवू शकते, पण त्यासाठी धोका माणसाला किंवा जनावराला असावा लागतो. शेजाऱ्याच्या झाडाचा त्यात उल्लेख नाही. १९७१ च्या नियमांतला नियम ४३ हवाई फवारणीपूर्वी किमान २४ तास आधी लोकांना सूचना देणे बंधनकारक करतो. जमिनीवरून फवारणाऱ्याला अशी कोणतीही सूचना द्यावी लागत नाही, मग तो शाळेच्या भिंतीला लागून फवारत असला तरी.

केंद्राच्या पातळीवर हालचाल झाली, पण तिने हा प्रश्न सोडवला नाही. मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात २,४-डी होते. अंतिम बंदीत ते आले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत करावा असा आदेश निघाला. गावात असा परवानाधारक औषधालाही सापडत नाही. कीडनाशक व्यवस्थापनाचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आले, २०२० मध्ये नव्याने आले. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत अधिसूचित पिकेच येतात आणि टाळता येण्याजोगी जोखीम तिच्यातून स्पष्ट वगळलेली आहे. दिवाणी न्यायालय उघडे आहे. पण काही शे रुपयांच्या भाजीसाठी शेजाऱ्यावर दावा लावणारे घर गावात नांदू शकत नाही, हे आयुक्तालयाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

नोंदीने काय घडते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे डायकांबा हे २,४-डीच्याच जातकुळीतले तणनाशक सहन करणारे सोयाबीन आणि कापूस आल्यावर २०१७ च्या एकाच हंगामात राज्यांच्या कृषी विभागांकडे अडीच हजारांहून अधिक तक्रारींची चौकशी सुरू झाली. बाधित सोयाबीनचे क्षेत्र सुमारे ३६ लाख एकर असल्याचा अंदाज निघाला, आणि त्या आकड्यांच्या बळावर आर्कान्सासारख्या राज्याने पुढच्या वर्षी फवारणीला तारखेची मर्यादा घातली. प्रत्येक राज्यात तक्रार घेणारा, शेतावर येऊन पाहणारा आणि नमुना नेणारा अधिकारी होता, म्हणून आकडे तयार झाले. पर्ड्यू विद्यापीठाने २००८ मध्ये हळव्या पिकांचे आणि मधमाशांच्या पेट्यांचे नकाशे फवारणाऱ्यांना दिसतील अशी नोंदवहीही सुरू केली. महाराष्ट्रात नुकसान होत नाही असे म्हणता येत नाही. ते लिहून घेणारा हात मात्र इथे नाही.

शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हा प्रश्न सुटणार नाही. खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि पावसाळ्यात वाफसा यायच्या आत तण डोक्यावर जाते. ज्याच्या उसातून फवारा उडतो त्याच्याच घरची परसबाग कित्येकदा पहिली जळते. त्याला सल्ला मिळतो तो बहुधा दुकानाच्या गल्ल्यावर, आणि माहितीपत्रक मिळते ते भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा हातमोजे आणि मुखवट्यांच्या वाटपाला वेग आला. नोझल, दाब आणि हवेची वेळ यांचे शिक्षण तेव्हाच त्या वाटपाला जोडले गेले असते तर फवारणाऱ्याचे आणि शेजाऱ्याचे, दोघांचेही भले झाले असते, कारण अंगावर येणारा आणि कुंपणापलीकडे जाणारा फवारा एकच असतो.

कायदा बदलण्याची वाट न पाहता आयुक्तालयाच्या अधिकारात करता येण्यासारखे बरेच आहे.

सर्वांत आधी तक्रार. सदोष बियाण्यांच्या तक्रारीसाठी तालुकास्तरावर तक्रार निवारण समिती असते, ती शेतावर जाऊन पंचनामा करते, कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा तज्ज्ञ सोबत घेते. याच समितीकडे फवारा उडून झालेल्या नुकसानीची तक्रारही यावी आणि त्यासाठी सातबारा किंवा खरेदीची पावती मागू नये. तक्रारीच्या अर्जाला एक पान पुरे : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, शेताचे अंतर, कोणकोणत्या झाडांवर इजा दिसते आणि कोणती झाडे सुटली. कृषी सहायकाने चार-पाच दिवसांच्या आत येऊन छायाचित्रे घ्यावीत, कारण पहिली वळलेली पाने नंतर वाळून पुरावाच जातो. परसबागेचे मोल रुपयांत कमी भरते म्हणून तक्रार फेटाळली जाऊ नये. भरपाई ताबडतोब मिळाली नाही तरी चालेल. जिल्हावार, महिनावार आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत.

मग तपासणी. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांतले अवशेष पाहण्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. युरोपच्या ग्राहकासाठी एवढी काटेकोर व्यवस्था याच राज्याच्या भूमीवर उभी राहू शकते, तर गावातल्या मुलांच्या ताटातल्या भाजीसाठी थोडी क्षमता मोकळी करून घेणे अवघड नसावे. समितीने पाठवलेले मोजके नमुने नाममात्र शुल्कात तपासण्याचा करार आयुक्तालयाने अशा प्रयोगशाळांशी करावा.

विक्रीच्या ठिकाणी आयुक्तालयाचा हात सर्वांत बळकट आहे, कारण परवाने तिथूनच जातात. वस्त्यांच्या आणि द्राक्षपट्ट्याच्या लगत इथाइल इस्टरऐवजी अमाइन किंवा सोडियम सॉल्टच सुचवावे, असे विक्रेत्यांना लेखी कळवता येईल. तणनाशकाच्या प्रत्येक विक्रीसोबत फ्लड जेट नोझल आणि मोठ्या अक्षरांतले मराठी सूचनापत्र द्यायला लावता येईल. त्या पत्रात फार काही नको : वारा घराकडे असेल तर थांबावे, वारा अगदी पडला असेल आणि धूर आडवा पसरत असेल तरीही थांबावे, कडक उन्हात मारू नये, नोझलला आडोसा देणारा हूड लावावा, घरे, शाळा आणि अंगणवाडी यांच्या बाजूचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा खुरपूनच काढावा, आणि आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगावे. ही सूचना मिळाली तर घरची माणसे वाफा कापडाने झाकू शकतात, भाजी आधी काढून घेऊ शकतात, आणि फवारा आलाच तर तासाभरात पानांवर भरपूर पाणी मारून इजा कमी करू शकतात. ग्रामसभेत ठराव करून २४ तासांच्या सूचनेचा रिवाज पाडता येईल. हवाई फवारणीला जो नियम आहे तोच जमिनीवर यावा, यात कोणाचा तोटा नाही.

ड्रोनचे काम वाढण्याआधी हे मार्गी लागायला हवे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून बचतगटांच्या हाती ड्रोन येत आहेत. ड्रोन एकरी जेमतेम दहा लिटर पाणी वापरतो, पाठीवरचा पंप त्याच्या कितीतरी पट. म्हणजे ड्रोनचा थेंब बारीक आणि द्रावण दाट. वस्तीलगत ड्रोनने तणनाशक मारायला राज्याने तूर्त परवानगीच देऊ नये. ज्या बचतगटाने परसबाग उभी केली त्याच गटाच्या ड्रोनने ती जाळावी, अशी वेळ यायला नको.

परसबागेच्या बाजूने आडोसा हा दीर्घकाळचा उपाय आहे. ज्वारी, मका किंवा हत्तीगवत यांच्या दोन-तीन दाट ओळी शेताच्या कडेला लावल्या तर थेंब त्यांवर अडतात, आणि गवतवर्गातली असल्याने २,४-डीने त्यांना फारसे काही होत नाही. ग्लायफोसेटपुढे मात्र त्या टिकणार नाहीत. कृषी विद्यापीठांनी अशा आडोशांच्या चाचण्या गावाच्या कडेला, प्रत्यक्ष उसाच्या आणि परसबागेच्या सीमेवर घ्याव्यात. ‘पोषण परसबाग’ मोहिमेच्या पुढच्या बियाणे-संचात आडोशाचे बी आणि इजा ओळखण्याचे एक सचित्र पान घालण्याचा निर्णय आयुक्तालय आणि ‘उमेद’ यांनी मिळून या खरिपापूर्वी घ्यावा, आणि तालुका समित्यांना परसबागेच्या तक्रारी स्वीकारण्याचे परिपत्रक त्याच सुमारास निघावे, ही विनंती.

कळावे.